निळसर काळा

काळा रंग आम्हाला आयता मिळत नसे, तो कालवावा लागे. त्यातही दोन जाती. एक तपकिरीकडे झुकलेला, कोमट, गरीब स्वभावाचा काळा. दुसरा निळ्याकडे झुकलेला, थंड, ताठ मानेचा काळा. पहिला आपोआप व्हायचा, दुसरा मिळवावा लागायचा. म्हणून अर्थातच आम्हाला दुसरा हवा असायचा. आता फोनच्या पडद्यावर बोट एका बाजूला सरकवलं की फोटो थंड होतो, दुसऱ्या बाजूला सरकवलं की उबदार होतो, आणि दोन्ही नको वाटलं तर बोट परत मधोमध आणता येतं. आमचं बोट असं परत येत नसे. फोटोचा काळा कसा असणार हे फोटो दिसण्याच्या आधीच, बहुधा आदल्या रात्री, एका तपकिरी बाटलीत ठरून जायचं.

‘आमचं’ म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद चिकटवून डार्करूम थाटली, किंवा तालुक्याच्या गावी एखाद्या स्टुडिओत कॉलेज सुटल्यावर बिनपगारी लुडबुड केली, त्यांचं. आग्फाचा क्लिक थ्री गळ्यात, रोलमध्ये बारा फोटो, आणि कागद कधी आग्फाचा, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. ही पिढी आता ‘आमच्या वेळी’ असं म्हणायच्या वयाला आली आहे आणि ते म्हणतानाच जीभ चावते आहे. कारण जुनं ते सोनं म्हणणाऱ्याला एकदा वाण्याच्या सोड्यात डेव्हलपर कालवायला बसवावं, अशा मताचे आम्ही आहोत. तरीही कुठे मेटॉलचं नाव निघालं की आमच्यातला एक तरी माणूस पुढचं सगळं घडाघडा म्हणून दाखवतो.

ते ‘पुढचं सगळं’ म्हणजे कोडॅकचा डी-७२. कागदाच्या डेव्हलपरचं हे सूत्र आमच्या पिढीला पाठ होतं. रामरक्षेतल्या ओळी गळाल्या, यातला ग्रॅम गळाला नाही. एका लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडा सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडा कार्ब अगदी कोरडा असेल तर ६८, पोटॅश ब्रोमाइड २. वापरताना एक भाग हे आणि दोन भाग पाणी. पाच पुड्या, एवढाच ऐवज. पण पुड्या कुठल्या क्रमानं सोडायच्या याला फार महत्त्व. पाणी पन्नासेक अंश गरम. त्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल. कारण मेटॉल सल्फाइटच्या दाट पाण्यात विरघळायला तयार नसतो, आणि सल्फाइट अजिबात नसेल तर हवेनं बघता बघता तपकिरी पडतो. म्हणून चिमूटभर राखणीला, बाकीचा नंतर. मग हायड्रोक्विनोन, मग सोडा, शेवटी ब्रोमाइड. एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. स्टुडिओवाले काका मागून म्हणायचे, “ढवळ, घुसळू नकोस.” घुसळलं की हवा मिसळते आणि डेव्हलपर जन्मतःच म्हातारा होतो.

आताची तरुण मुलं हेच काम करतात तेव्हा त्यांच्यापुढे शतांश ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. तो खोटं बोलत नाही. आमचा काटा सराफी होता, पितळी पारड्यांचा, आणि त्याला पंख्याचा वारा चालत नसे. दोन्ही पारड्यांत वर्तमानपत्राचे सारख्या मापाचे चौकोन घालायचे, पंखा बंद करायचा, श्वास रोखायचा. त्यात वाचनालयातलं पुस्तक विलायतेहून आलेलं, म्हणजे मापं ग्रेन आणि औंसात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. देशात मेट्रिक मापं येऊन बरीच वर्षं झाली होती, पण डार्करूममध्ये अजून इंग्रजांचंच राज्य होतं. ग्रेनांचे ग्रॅम, ग्रॅमांच्या गुंजा, अशा वाटेनं तीन ग्रॅम मेटॉल बाटलीत पोचेपर्यंत तो तीनाचा साडेतीन झालेला असला तर नवल नव्हतं.

आणि सोडा! सूत्रात लिहिलेला कोरडा सोडा आणि वाण्याकडचा धुण्याचा सोडा हे एकच, पण धुण्याच्या सोड्याच्या खड्यात पाणी दडलेलं असतं, आणि थोडंथोडकं नव्हे. किलोभर खडे घेतले तर त्यात सहाशे ग्रॅमच्या वर नुसतं पाणी. म्हणजे ६८ ग्रॅमच्या जागी १८० ग्रॅमच्या वर खडे हवेत. शिवाय पोत्यात पडून राहिलेले खडे हळूहळू पाणी सोडून पांढऱ्या भुकटीत उतरतात, त्यामुळे आजच्या किलोत किती सोडा आणि किती पाणी हे वाण्यालाही सांगता येत नसे. ज्यांनी पुस्तकातला आकडा तसाच खड्यांना लावला, त्यांचा डेव्हलपर दुबळा निघे आणि फोटो राखाडी, मळकट. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे फोटो तपकिरी का, याचं उत्तर कलेत शोधू नये. ते वाण्याच्या पोत्यात आहे.

थंड काळ्याचं शास्त्र आम्हाला नंतर कळलं, हाताला ते आधी कळलं होतं. फोटोतला काळा म्हणजे चांदी. तीच चांदी बारीक कणांनी जमली तर उजेड वेगळ्या तऱ्हेनं अडवते आणि तपकिरी दिसते. जाडसर, गुंतलेल्या तंतूंनी जमली तर काळी, निळसर काळी दिसते. म्हणजे डेव्हलपर ताजा हवा, दमदार हवा, आणि कागदाला त्यात पूर्ण वेळ द्यायला हवा. मुळात कागदही ब्रोमाइडचा हवा. क्लोरोब्रोमाइडचा कागद जात्याच उबदार. आता अडचण अशी की उजेड न पडलेल्या जागी काळं होऊ नये, पांढरं पांढरंच राहावं, म्हणून डेव्हलपरला लगाम लागतो. तो लगाम म्हणजे पोटॅश ब्रोमाइड. आणि हा ब्रोमाइडच रंग उबदार करतो, जास्त झाला तर शेवाळी छटासुद्धा आणतो. पांढरं राखावं तर काळं बिघडतं, काळं राखावं तर पांढरं.

यातून सुटका करणारं रसायन होतं बेंझोट्रायझोल. तेही लगामच, पण रंग निळ्याकडे ओढणारा. ब्रोमाइड कमी करायचा आणि याचे थेंब वाढवायचे. एक ग्रॅम शंभर मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून ठेवायचा, आणि वापरायच्या लिटरभर डेव्हलपरला त्यातले दहा-बारा मिलिलिटर. अति झालं तर कागद सुस्त पडतो, एन्लार्जरखाली उजेड वाढवावा लागतो, चेहरे कडक येतात. हे रसायन गावात कुठून मिळणार? मुंबईला कोणी निघालं की त्याच्याकडे चिठ्ठी द्यायची: प्रिन्सेस स्ट्रीट, बेंझोट्रायझोल, २५ ग्रॅम. दुकानदाराला त्याचं गिऱ्हाईक ठाऊक असे तांब्यापितळेच्या धंद्यातलं, कारण ते धातूला काळं पडू देत नाही. फोटो अधिक काळा करायला हवंय म्हटल्यावर तो चिठ्ठी उलटसुलट करून बघायचा. त्या पंचवीस ग्रॅममध्ये दोनशे लिटर डेव्हलपर होतो. ती बाटली आमच्यापैकी पुष्कळांकडे अजून आहे, निम्म्याहून अधिक भरलेली.

आता दुकानदाराला समजावावं लागत नाही. इल्फर्ड कूलटोन नावाचा कागद बनवतं. तो जात्याच थंड, त्याला फार मनधरणी लागत नाही. म्हणजे आमचा सगळा खटाटोप त्यांनी कारखान्यातच उरकून टाकला. कागद उत्तमच आहे. फक्त रंग हाताला लागत नाही.

हाताला लागण्यावरून अ‍ॅमिडॉल आठवतो. निळसर काळ्याचा तो राजा. त्याला सोडाही लागत नाही, नुसत्या सल्फाइटवर चालतो, आणि काही तासांत खलास होतो. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन फोटो छापायला अ‍ॅमिडॉल वापरत, आणि त्यानं त्यांची नखं काळी पडलेली असत, हे वाचून आम्हाला त्या नखांचाच हेवा वाटला. अ‍ॅमिडॉल आमच्या खिशाबाहेरचा होता. आमची नखं मेटॉल-हायड्रोक्विनोननं नुसती तपकिरी व्हायची, आणि आई म्हणायची, “विडी ओढतोस का रे?”

तापमानाचं तर विचारू नका. पुस्तक म्हणायचं २० अंश. हे २० अंश विदर्भात कुठल्या महिन्यात असतात ते पुस्तकाला माहीत नव्हतं. नागपूरच्या मे महिन्यात नळाचंच पाणी इतकं तापलेलं असे की डेव्हलपरमध्ये कागद टाकताक्षणी काळा धावत सुटायचा आणि पांढऱ्यावर धुकं चढायचं. मग प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून ती ट्रेमध्ये तरंगत ठेवायची. पिशवी फुटली की सूत्र गेलंच. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात उलटी तऱ्हा. हायड्रोक्विनोन १२-१३ अंशांच्या खाली कामच करत नाही. मेटॉल एकटा राबतो, फोटो येतो, पण त्यात काळा नसतो, नुसता राखाडी. ट्रेखाली गरम पाण्याची परात ठेवायची आणि बंद खोलीत वाट बघायची. यातून एक गोष्ट मात्र व्हायची: प्रत्येक गावाचा काळा वेगळा असायचा. जाणत्या माणसाला कागद हातात घेऊन सांगता यायचं की हा कुठल्या स्टुडिओत, आणि साधारण कुठल्या ऋतूत धुतला आहे. आज फोनचा काळा सांगलीत आणि सिंगापुरात एकच. हा तोटा आहे असं आम्ही म्हणतो खरं. पण बर्फाची पिशवी फुटलेल्या दुपारी कोणी आम्हाला सिंगापूरचा काळा देऊ केला असता तर आम्ही ट्रेसकट सोडून निघालो असतो.

लग्नाचा अल्बम हा या सगळ्याचा पुरावा. कागद डेव्हलपरमध्ये पडला की त्याच्यातलाच ब्रोमाइड पाण्यात उतरतो. दहा कागदांनंतर थोडा, पन्नास कागदांनंतर पुष्कळ. म्हणजे सकाळी कालवलेला डेव्हलपर सकाळी थंड काळा देतो आणि संध्याकाळपर्यंत आपणहून उबदार होत जातो. काही जुने कारागीर तर कालचा थोडा डेव्हलपर विरजणासारखा आजच्यात मुद्दाम घालत. त्यांना तो मऊपणा आवडे. आम्हाला पटत नसे. पण दोनशे फोटोंच्या लग्नात दर तासाला ताजा डेव्हलपर कालवण्याची ऐपत कोणाची? म्हणून अल्बममध्ये सीमांतपूजन निळसर काळं, अंतरपाट ठीकठाक काळा, सप्तपदीपाशी तपकिरी सुरू, आणि पाठवणीच्या वेळी सगळं वऱ्हाड चहात बुडवून काढल्याच्या रंगाचं. यजमानांना वाटायचं, फोटोग्राफरनं दुःखाचा रंग काय धरलाय! फोटोग्राफर मान हलवायचा. दोन हजार फोटोंचं आजचं लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत एका रंगाचं असतं, आणि पाठवणीच्या वेळी नवरी सकाळच्याइतकीच तजेलदार. ते बघून आम्हाला त्या फोटोग्राफरची आठवण येते, नवरीची नाही.

घाई हा थंड काळ्याचा दुसरा शत्रू. एन्लार्जरखाली उजेड जास्त दिला गेला की डेव्हलपरमध्ये फोटो फार लवकर उमटतो आणि काळा पडायला लागतो. नवखा माणूस घाबरून अर्ध्या मिनिटात चिमट्यानं बाहेर ओढतो. फोटो दिसायला बरोबर, पण रंग चिखलाचा. त्यापेक्षा उजेड बेतानं द्यावा, आणि मग दोन-अडीच मिनिटं कागद पूर्ण होऊ द्यावा. ती दोन मिनिटं आम्ही ट्रेचा एक कोपरा उचलून खाली सोडत, एकाच लयीत, मनात आकडे मोजत उभे असायचो. लाल उजेडात थंड आणि उबदार यातला फरक काही दिसत नाही; सगळे काळे सारखे. हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावात, कागद गेल्यावर, मिनिटभर थांबून, पांढरा दिवा लावला की मगच कळायचं. ते मिनिटही बहुतेक वेळा पूर्ण होत नसे.

आता उबदार आठवणींचं पोतं जरा उलटं करू. मेटॉलनं कितीकांच्या बोटांना खाज सुटायची, कातडी फाटायची, आणि एकदा सुटली की पुढे वासानंसुद्धा परत यायची. इल्फर्डच्या लोकांनी १९४० मध्येच फेनिडोन शोधला होता. तो मेटॉलच्या दहावा-पंधरावा हिस्सा लागतो, हातांना पुष्कळ सोसतो, आणि बेंझोट्रायझोलबरोबर तर थंड काळ्यासाठीच जन्मल्यासारखा चालतो. पण आमच्या स्टुडिओंत तो पोचला नव्हता, आणि पोचला असता तरी ‘नवीन कशाला’ म्हणून फडताळात राहिला असता. हातमोजे घालणं हे नवशिकेपणाचं लक्षण मानलं जाई. खिडकी नसलेल्या खोलीत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा वास नाकात, उरलेलं सगळं मोरीतून गटारात. गिऱ्हाइकाला गोरं दिसायचं असे, म्हणून निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करून आणि कागदावर उजेड आखडून माणसाचा खरा रंग उडवायचा, आणि वर त्याला कौशल्य म्हणायचं. फोनमधला चेहरे उजळवणारा चाळा बघून आम्ही नाकं मुरडतो. तो धंदा आम्हीच सुरू केला होता, पेन्सिलीनं.

आणि मुलींना आत घेत नसत. अंधारी खोली, बंद दार, लोक काय म्हणतील. यातली गंमत अशी की आपल्याकडच्या कथापटांचा आरंभच एका बाईच्या हातच्या रसायनात झाला आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके दिवसा चित्रण करत, आणि फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं यात सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीनं राबत. शिवाय इतक्या माणसांचा स्वयंपाक. त्यानंतर साठ वर्षांनी आमच्या गावातले स्टुडिओवाले मुलींना सांगत होते की हे काम बायकांचं नव्हे, हात खराब होतात.

एवढं सगळं कबूल केल्यावर मग हळहळ कशाची? मोठ्या गोष्टींची नाही. गोट्यांची. डेव्हलपर अर्धा वापरला की बाटलीत हवा शिरते आणि उरलेला तपकिरी होतो. म्हणून बाटलीत एकेक काचेची गोटी सोडायची, पातळी गळ्यापर्यंत चढेस्तोवर. धाकट्या भावाच्या गोट्या रात्री नाहीशा व्हायच्या आणि तो आळीतल्या पोरांशी भांडायचा. हळहळ हायपोच्या बादलीची. हायपोचे खडे पाण्यात सोडून हात घातला की पाणी बर्फासारखं गार लागायचं. विरघळताना तो पाण्याचीच ऊब ओढून घेतो. एप्रिलच्या दुपारी हे काम मागून घ्यायचं असे. हळहळ ग्लेझिंगची. ओला कागद चकचकीत पत्र्यावर पालथा घालून रूळ फिरवायचा आणि वाळायला सोडायचं. वाळला की तो आपला आपण सुटायचा, टक्क असा आवाज करून. शेजारच्या खोलीत जेवत असताना एकामागून एक टक्क टक्क ऐकू यायचं आणि काका मान वर न करता म्हणायचे, “सात झाले.” त्या चकाकीनं काळा आणखी खोल जायचा. पत्र्यावर धुळीचा कण असला की चेहऱ्यावर खड्डा पडायचा, तो भाग सांगायचा राहिलाच.

आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. तारीख, एक-दोन अक्षरांत सूत्राचं नाव, आणि काही जणांची स्वतःची गुपितं: कोणी ब्रोमाइड निम्मा, कोणी सोडा सव्वापट. हे एकमेकांना सांगायचं नाही. विचारलं तर “तेच आपलं, पुस्तकातलं” म्हणायचं. आज सूत्रं सगळ्यांसाठी उघडी पडली आहेत, दोन मिनिटांत अ‍ॅमिडॉलची वीस सूत्रं मिळतात. चांगलं झालं. काकांचं गुपित नंतर त्यांच्या वहीतून उघड झालं, ते पुस्तकातलंच होतं.

सर्वांत मजेशीर अन्याय मात्र रंगाच्या बाबतीत झाला. हल्ली काही जुनं दाखवायचं म्हटलं की ते तपकिरी करतात. हॉटेलाच्या भिंती, चहाच्या दुकानांच्या पाट्या, मालिकेतलं आजोबांचं बालपण, सगळं सेपिया. तपकिरी हा आमच्या पणजोबांचा रंग होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची संस्था निघाली, डॉ. नारायण दाजींसारखे लोक त्यात होते. पुढे राजा दीनदयाळांचा स्टुडिओ आला. त्या काळचे अल्ब्युमिनचे कागद उन्हातच उमटायचे आणि मुळातच तांबूस-तपकिरी असायचे. डेव्हलपरमध्ये धुवायचा ब्रोमाइड कागद १८८० नंतर रुळला आणि मग कुठे निखळ काळा हाती आला. आम्ही त्या काळ्याची माणसं. तपकिरी टाळण्यासाठी आम्ही बर्फ आणला, सोडा तोलला, मुंबईला चिठ्ठ्या धाडल्या. तपकिरी म्हणजे आमच्या लेखी शिळा डेव्हलपर आणि आळशी कारागीर. आता आमच्या तरुणपणाला बाहेरचे लोक तोच रंग फासतात, आणि आम्हीही, खरं सांगायचं तर, फोन पुढे धरून म्हणतो, “वा, काय जुनं वाटतंय!”

कारखाने मिटत गेले ते फार गाजावाजा न होता. कोडॅकनं कृष्णधवल कागद बनवणं २००५ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. जर्मनीत आग्फाफोटोचं दिवाळं त्याच वर्षी निघालं. इल्फर्ड आदल्या वर्षी बुडता बुडता वाचलं. उटीचा कारखाना त्याआधीच आजारी होता. आमच्याकडच्या स्टुडिओंनी तर यांच्या कितीतरी आधी रंगीत फोटोंसाठी मुंबई-पुण्याच्या लॅबना रोल पाठवायला सुरुवात केली होती, आणि डार्करूममध्ये गणपतीचं मखर ठेवलं होतं. आम्ही निषेध वगैरे काही केला नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी तेव्हा रंगीत रोल घेतला आणि खूश झालो.

मुंबई-पुण्यात आता काही तरुण पुन्हा डार्करूम थाटतात. आम्ही बघायला गेलो, थोडे शहाणपण शिकवण्याच्या बेतानं. खोलीत हवा ओढून घेणारा पंखा, हातात मोजे, नाकावर पट्टी, वापरलेला हायपो वेगळ्या कॅनमध्ये. त्यातली चांदी काढून घेणाऱ्याला देतात. मुलगी डेव्हलपर कालवत होती. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल. आम्ही म्हटलं, “ढवळ, घुसळू नकोस.” ती म्हणाली, “काका, तुम्ही जरा दरवाज्यापासून बाजूला व्हाल का?” तिचा काळा आमच्यापेक्षा चांगला होता. निळसर, खोल, आणि पांढऱ्यात धुक्याचा लवलेश नाही. तिनं थर्मामीटर वापरला होता.

आमचे स्वतःचे फोटो? ते हल्ली तपकिरी होऊ लागले आहेत, आणि तेही सेपिया होण्याच्या शास्त्रीय मार्गानं. फोटो नीट धुवायला वाहतं पाणी तासभर लागतं, आणि नळ सकाळी तासभरच यायचा, त्यात घरातल्यांच्या अंघोळी. म्हणून बादलीची तीन पाणी बदलली की धुणं झालं. कागदाच्या धाग्यांत हायपो राहिला, त्यातल्या गंधकानं सावकाश चांदीला गाठलं. मुद्दाम सेपिया करतात तेव्हाही चांदीचं हेच, म्हणजे सल्फाइड, करतात. फक्त ते नेटकं आणि टिकाऊ असतं, आमचं डागाडागांनी. आमच्यापैकी एकाच्या नातीनं परवा असा एक फोटो फोनवर स्कॅन केला. तिनं एक बटण दाबलं, पिवळेपणा गेला, आणि आजोबा-आजीच्या मागचा पडदा एकदम निळसर काळा झाला, बेंझोट्रायझोल घालूनही कधी झाला नव्हता तितका. आजोबा चष्मा पुसून बघायला लागले. तेवढ्यात ती म्हणाली, “थांबा ना आजोबा, हे फार नवीन दिसतंय,” आणि तिनं त्याच्यावर सेपिया टाकला. घरच्या ग्रुपवर तोच गेला.